डाव्या पायाला काम

“ह्या देशात डाव्या पायाला काही कामच नाही. नुसता बसून पगार खातो.”

ही कुरकुर माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर झाली. सौदीतल्या हुफूफच्या बाजारातल्या सिग्नलला आम्ही उभे होतो. स्टिअरिंगवर मी होते आणि शेजारच्या सीटवर आमचे हे, म्हणजे उमाकांत, आपल्या डाव्या पायाकडे असे बघत होते, जसा हेडक्लार्क कामचुकार कारकुनाकडे बघतो. लग्नाला तीस वर्षं झाली की सिग्नलवरच्या कुरकुरीला उत्तर द्यायचं नसतं. हिरवा दिवा लागला की ती आपोआप विरते. ही विरली नाही. ती आमच्याबरोबर घरी आली, जेवायला बसली आणि पुढचे अडीच महिने आमच्याकडे मुक्कामाला राहिली.

हे इथल्या एका खासगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. सतरा वर्षं लोकांचं रक्त बघतायत. डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि मग आम्ही कायमचे चिपळूणला. तिथे माझ्या दिरांच्या, प्रसादभावजींच्या शेडमध्ये आमची लाल गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. भावजी दर रविवारी ती सुरू करतात आणि फोन बॉनेटवर ठेवतात. इकडे हे डोळे मिटून, मान हलवत, पाच मिनिटं तिचं इंजिन ऐकतात. दुसऱ्यांच्या घरी भजनं लावतात, आमच्याकडे हे इंजिन. तर ती गाडी क्लचची. आणि ह्यांनी भावाला, भावजयीला, पुतण्यांना, एवढंच काय, भावाच्या दूधवाल्यालाही सांगून ठेवलं होतं की भावजींनी गाडी मुंबईच्या विमानतळावर आणायची, किल्ली ह्यांच्या हातात द्यायची आणि मागे बसायचं. चिपळूणपर्यंत हे नेणार. कशेडीला आता बोगदा झालाय म्हणे. तर बोगद्यातून नाही, घाटानेच.

अडचण एवढीच, की सतरा वर्षांत ह्यांनी क्लचला पाय लावलेला नव्हता. इथे सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक. दोन पेडल, एक पाय, झालं. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा मीसुद्धा शिकले, सत्तेचाळिसाव्या वर्षी. आमची शिकवणारी बाई मला म्हणाली, “डावा पाय घरी ठेवून आलात तरी चालेल.” हे माझ्या लायसन्सला ‘अर्धं लायसन्स’ म्हणतात. तरी गेलं दीड वर्ष अर्ध्या लायसन्सवालीच गाडी चालवत होती आणि पूर्ण लायसन्सवाले शेजारी बसत होते. कारण विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांवर ऊन येतं. ऊन माझ्याही डोळ्यांवर येत होतं. पण मी काही पूर्ण लायसन्सवाली नव्हते.

ह्यांची एक थिअरी आहे. देश ओळखायचा तर त्याचा क्लच बघावा. ज्या देशात माणूस स्वतः गिअर टाकतो तिथला माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेतो. अमेरिकेने क्लच सोडला आणि तिथली कुटुंबव्यवस्था ढासळली. जपान्यांनी स्वतः सोडला तो सोडला, वर जगालाही सोडायला लावला. सौदीत पेट्रोल आहे, रस्ता सरळ आहे, चढ नाही, त्यामुळे इथल्यांना दोष देता येत नाही. पण भारत! ही थिअरी मी लग्नांत, मुंजींत आणि एकदा एका अंत्ययात्रेत ऐकलेली आहे.

आमची सानिका जर्मनीत नोकरी करते. तिने व्हिडिओ कॉलवर त्या थिअरीची हवा काढायचा प्रयत्न केला. “बाबा, इंडियात पण आता सगळे ऑटोमॅटिकच घेतायत. जस्ट बाय वन!”

“आणि तुझ्या जर्मनीत?”

“इथे ना… म्हणजे माझ्या लँडलेडीकडे गिअरचीच आहे. शी इज सेव्हंटी-एट.”

“ऐकलंस?” हे माझ्याकडे वळले. “अठ्ठ्याहत्तर! आणि मी एकोणसाठचा, मला ऑटोमॅटिक घ्यायला सांगते. पोटची पोर.”

तिथे ठरलं. सरावासाठी सौदी अरेबियात क्लचची गाडी मिळवायची.

आता मध्येच चपलेचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. मेमध्ये आम्ही इथल्या मोठ्या दुकानात तांदूळ आणायला गेलो होतो. हे ट्रॉली ढकलत पुढे. मी मसाल्यांपाशी रेंगाळलेली. तांदळापाशी पोचले तेव्हा एक फिलिपिनो सेल्समन ह्यांच्या मागून धावत आला. त्याच्या हातात ह्यांची डावी चप्पल होती. ती दरवाज्यापाशीच निघाली होती. दरवाज्यापासून तांदळापर्यंत, म्हणजे अर्धा फर्लांग, हे एका पायात चप्पल घालून आले होते आणि ह्यांना पत्ता नव्हता. “सैल आहे,” हे म्हणाले. आम्ही नवी घेतली. ती हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये राहिली. मग आणखी एक नंबर लहान घेतली. पाहुणे बसलेले असताना भिंतीवर पाल दिसली की आपण कसे दुसरीकडे बघून चहा पुढे करतो, तशी मी चपलांचे नंबर बघत राहिले.

वरच्या मजल्यावर डॉक्टर कीर्ती राहते, नागपूरची. गोड पोरगी. तिला मी लिफ्टमध्ये चपलेची गोष्ट विनोद म्हणून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, “काकू, काकांना एकदा रुटीन सगळं करून घ्यायला सांगा ना.” मग आमचा मजला आला आणि ती घाईने म्हणाली, “म्हणजे मी दातांची आहे हो. पाय माझ्या विषयात नाही.” ह्यांना मी निरोप दिला तर हे म्हणाले, “रुटीन? अगं, गावाचं रुटीन मीच करतो.”

असो. गाडी.

ती हाशमभाईंनी काढली. हाशमभाई श्रीवर्धनचे, इथे खजुराचा धंदा. ह्यांना ते डॉक्टर म्हणतात. लॅबमधला असो की औषधाच्या दुकानातला, पांढरा कोट दिसला की त्यांच्या लेखी डॉक्टर. “डॉक्टर, एका मिसरी मास्तरची हाय माझ्या वखारीत पडलेली. मास्तर गेला मुलखाला, गाडी माझ्या गळ्यात. तीन पेडलवाली. इथे फुकट दिली तरी कोण घेत नाय. चोर पन नेत नाय वो, दोनदा दार फोडून बघून गेले.”

पांढरी, छोटी, मागच्या काचेवर अजून त्या इजिप्तच्या मास्तरांच्या मुलांचे स्टिकर. ह्यांनी दार उघडलं, तीन पेडलं पाहिली आणि देवळात वाकावं तसे वाकले. माणूस कशाकशाला आनंद म्हणतो!

पुढे सरकारी अध्याय. गाडी नावावर करायची तर मोबाइलच्या अ‍ॅपवर दोन बटणं दाबायची, असं प्रत्येकजण सांगतो. प्रत्यक्षात गाडीची तपासणी, म्हणजे इथल्या भाषेत फहस, संपलेली होती. फहसशिवाय नाव बदलेना. विमा नव्या मालकाच्या नावाने हवा आणि नवा मालक व्हायला विमा हवा. हे आणि हाशमभाई तीन आठवडे समोरासमोर बसून आपापल्या मोबाइलवर बटणं दाबत होते. हाशमभाईंची बायको हलिमा मला म्हणाली, “वहिनी, आमचा निकाह अर्ध्या तासात झालता.”

शेवटी फहसचा दिवस. तिथे रांगेत गाडी लावायची, आपण उतरायचं आणि तपासणारा गाडी आत नेतो. आमचा तपासणारा तरुण, पांढरा गणवेश, उंची अत्तर. तो आत बसला, आणि तसाच बाहेर आला. पायाखाली काहीतरी जास्तीचं आहे असं त्याने वरिष्ठाला कळवलं. मग दुसरा आला, तिसरा आला. एकाने फोटो काढला. एकाने बटण दाबावं तसा हाताने क्लच दाबून पाहिला. हे बाजूला छाती काढून उभे होते. सतरा वर्षांत इतका मान ह्यांना कुणी दिला नव्हता. “मी नेतो आत,” हे म्हणाले, पण ते नियमात बसेना.

तेवढ्यात ऑफिसातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. गाडी पाहिली आणि थबकले. त्यांच्या वडिलांची खजुराच्या बागेत अशीच पिकअप होती म्हणे. ते आत बसले, क्लच दाबला, आणि गाडी अशी निघाली जशी दुधावरची साय चमच्याने बाजूला व्हावी. धक्का नाही, आवाज नाही. आत गेले, तपासणी झाली, पलीकडून बाहेर पडले आणि थेट रस्त्याला लागले. वीस मिनिटं आम्ही आणि सहा तपासनीस फाटकात उभे. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “मुमताज,” म्हणाले. उत्तम. शिक्का मारला.

हे सगळं मी खुलवून का सांगतेय, तर एक गोष्ट तेव्हाच ठरून गेली होती. गाडीत काही दोष नव्हता. ते मी पाहिलं होतं. ह्यांनीही पाहिलं होतं.

सराव सुरू झाला. रोज असरनंतर, म्हणजे उतरत्या दुपारची नमाज झाली की, गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर. मी बाजूला. पहिला आठवडा मजेत गेला, कारण सगळा दोष डाव्या हातावर गेला. भारतात आपण उजवीकडे बसून डाव्या हाताने गिअर टाकतो. इथे डावीकडे बसून उजव्या हाताने. ह्यांचा डावा हात सवयीने जायचा आणि तिथे असायचं दार. सेकंड टाकायला गेले की खिडकी खाली यायची. थर्डला दार उघडायचं. रिव्हर्सला काय व्हायचं ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे सांगू शकत नाही. आम्ही दोघं खूप हसलो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसत होतो तसं. मला वाटलं, बरं झालं गाडी घेतली.

दुसऱ्या आठवड्यात हात सुधारला आणि हसायचं कारण संपलं. गाडी सुरू व्हायची, थरथरायची, बेडकासारखी उडी मारायची आणि मरायची. कधी क्लच अर्धाच दाबला जायचा. कधी ह्यांचा पाय क्लचच्या शेजारी, चटईवर जाऊन जोर लावायचा. हे दात-ओठ खाऊन चटई दाबत असायचे आणि गिअर करकरत असायचा. मग हे खाली वाकून बघायचे, पाय कुठे आहे ते. चष्म्याचं घर शोधावं तसे.

“क्लच गेलाय,” हे म्हणाले.

वर्कशॉपांची जी वस्ती आहे, जिला इथे सगळे सनाइया म्हणतात, तिथे मोहियुद्दीन म्हणून हैदराबादी मेकॅनिक आहे. त्याने क्लचप्लेट बदलली. मग केबल बदलली. मग पेडलवरचं रबर बदललं. प्रत्येक वेळी तो स्वतः गाडी गल्लीत फिरवून आणायचा, आणि त्याच्या पायाखाली ती मांजरासारखी चालायची. मग हे बसायचे आणि बेडूक व्हायचा. चौथ्या खेपेला मोहियुद्दीनने ह्यांच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं. त्याने फडक्याने हात पुसले, गरजेपेक्षा बराच वेळ पुसले.

“साब, अब गाडी में बदलने को कुछ बचाच नहीं.” मग म्हणाला, “जूता बदल के देखो. तला मोटा है.”

आम्ही दोघांनी त्या जाड तळव्यावर अशी झडप घातली, बुडत्याला फळी दिसावी तशी. त्याच दिवशी पातळ तळव्याचे कॅनव्हासचे शूज घेतले. त्यानंतर सीट पुढे घेतली. मागे घेतली. पाठीशी उशी लावली. प्रसादभावजी फोनवर म्हणाले, “दादा, तिकडची हवा कोरडी, त्याने पेडल कडक होतं.” सानिका म्हणाली, “बाबा, इट्स मसल मेमरी, वेळ लागतो.” सगळेजण किती मदत करत होते! एका पायाला सोडून बाकी जगातल्या यच्चयावत वस्तूला आम्ही दोष देऊन पाहिला.

एकदा हे झोपलेले असताना मी ह्यांच्या डाव्या तळव्यावर बोट फिरवलं होतं. लहानपणी सानिकाला उठवायला फिरवायची तसं. पाय हलला नाही. मी चादर नीट केली आणि कुकर लावायला गेले. ह्याच्यावर मी कुणाशी बोलले नाही, स्वतःशीसुद्धा. डिसेंबर जवळ आला होता. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. म्हटलं, ह्या माणसाला एकदा घाट उतरू दे, मग बघू. असला मूर्खपणा फक्त बायकोच करू शकते, आणि त्याला ती माया म्हणते.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी हाशमभाईंकडे जेवायला बोलावलं होतं, आमच्या निरोपाचं. कीर्तीलाही. हे म्हणाले, पांढरी गाडी मी चालवत नेणार. सकाळपासून तयारी, घरातसुद्धा ते कॅनव्हासचे शूज घालूनच. आणि सकाळीच गाडीची दुसरी किल्ली हरवली. नवीकोरी करून घेतलेली, चपलांच्या स्टँडवरच्या खिळ्याला लटकवलेली. सगळं घर धुंडाळलं. डाळीच्या डब्यात पाहिलं, वॉशिंग मशीनमध्ये पाहिलं. मी कचरा उपसला. ह्यांनी मला कुठे काय ठेवते ह्या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. मी शांतपणे ऐकलं, कारण एकदा पासपोर्ट मी फ्रीजमध्ये ठेवलेले आहेत. शेवटी पहिल्याच किल्लीने निघालो.

वीस मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. पाच वेळा गाडी बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवले, एकाने खिडकीतून डोकं काढून “यल्ला, यल्ला!” केलं. मागच्या सीटवर कीर्ती इतकी गप्प होती, जणू तिच्याच दाढेत बोळा होता. हाशमभाईंच्या वखारीच्या अंगणात ह्यांनी क्लच दाबला, म्हणजे ह्यांना वाटलं दाबला, आणि गाडीने शेवटची उडी मारली ती थेट खजुराच्या खोक्यांच्या थप्पीवर. थप्पी सावकाश, विचार करत करत, बॉनेटवर आडवी झाली.

“काय नाय, काय नाय!” हाशमभाई धावत आले. “ती थप्पीच वाकडी होती, डॉक्टर. मी कालपासून मानसांना सांगतोय.”

थप्पी सरळ होती. सगळ्यांना दिसत होतं.

बैठकीच्या दाराशी आम्ही पायातलं काढायला थांबलो. आत गालिचा, तक्के, कहव्याचा वास. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, उजवा बूट काढला, मग डावा काढला. डावा बूट उलटा झाला आणि लादीवर काहीतरी टिंग करून पडलं.

किल्ली.

सकाळपासून ती त्या बुटात होती. खिळ्यावरून थेट बुटात पडली असणार. ती किल्ली तळव्याखाली ठेवून हे घरभर फिरले होते, मला बोलले होते, तिच्यावर सगळा भार देऊन पन्नास मिनिटं क्लच दाबत आले होते. पातळ तळव्याचे शूज. मोज्याला किल्लीच्या आकाराचं भोक होतं आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा लाल डाग, कडेने वाळलेला.

सगळेच एकदम बोलले.

“शूज मोठे घेतलेत, डॉक्टर,” हाशमभाई म्हणाले.

“मोजे जाड असतील,” कीर्ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. दातांची असली तरी डॉक्टर होती.

“पानी आनते, आदी पाय धुवा भावजी,” म्हणत हलिमा आत पळाली.

मी खाली बसले आणि मोजा उतरवला. मलाही काहीतरी म्हणायचं होतं, सवयीने. किल्ली फार छोटी आहे, असं मी म्हणणार होते. खरंच, तेच ओठांवर आलं होतं. हलिमाने घमेलं आणलं. मी पाण्यात बोटं घातली आणि झटकन काढली. घाईत तिने चटका बसेल इतकं गरम पाणी आणलं होतं. तेवढ्यात ह्यांनी पाय आत ठेवलासुद्धा, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले, शांत, जसं काही गार पाणी. मी दोन्ही हातांनी तो पाय धरून बाहेर ओढला.

“अहो!” मी ओरडले.

हे चौकटीवरून घसरत उंबऱ्यावर बसले. पाय माझ्या मांडीवरच होता. त्याच्याकडे बघायला लागले, पण ह्या वेळी हेडक्लार्कसारखं नाही.

“साखर मला ठाऊक आहे, रेखा,” हे म्हणाले. “दर पंधरा दिवसांनी बघतो. लोकांच्या नळ्यांमध्ये एक माझी असते.”

हाशमभाई बुटांकडे बघत होते. कीर्ती भिंतीकडे.

“मग सराव कशाला करत होतात?” मी विचारलं. “घाट उतरायचाय म्हणून?”

“घाट कसला.” ह्यांनी किल्ली उचलली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. “ऑटोमॅटिकमध्ये कळत नव्हतं ना. पाय आहे का, ते बघायला घेतली होती गं गाडी. नाहीये.”